बंदराची वाट



संध्याकाळीं बोईसर स्थानकाच्या पुलावर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा ओठांना खारा लागतो. समुद्र तेथून दहा किलोमीटरांच्याहि आंत आहे. स्थानक आणि समुद्र यांच्यामध्यें तारापूरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. रसायनें, औषधें, रंग, कापड, पोलाद असा नाना तऱ्हेचा माल तेथें तयार होतो व त्यांतला बराचसा परदेशीं जातो. आतां हा माल परदेशीं जातो म्हणजे समुद्राकडे जात असेल, असें कोणासहि वाटेल. पुलावरून मात्र उलटाच देखावा दिसतो. कंटेनर लादलेले ट्रेलर समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात, चिल्हार फाट्यावर अहमदाबादच्या हमरस्त्याला लागतात, मग मनोर, वसई, घोडबंदर, ठाणें अशी मजल करीत, वाहनांच्या गर्दींत तासन् तास तिष्ठत, खाडीपलीकडे उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरांत पोंचतात. ज्या समुद्राचा वारा कारखान्याच्या खिडकींतून आंत येतो, तोच समुद्र गांठण्यासाठीं शंभर किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते.

या देखाव्याचें कोडें उलगडण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे. कारण तें एकट्या बोईसरचें कोडें नव्हे. नागपूर, जालना, इंदूर, दिल्ली अशा समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या शहरांचा जगाशीं व्यापार कोणत्या वाटेनें चालतो, आणि ती वाट कोण ठरवितो, हाच तो प्रश्न आहे.

आपण नकाशांत पाहतों तेव्हां जमीन व पाणी यांच्या सीमेवर एक ठिपका दिसतो आणि त्याला आपण बंदर म्हणतों. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीनें तो ठिपका म्हणजे निम्मेंच बंदर होय. उरलेलें निम्में त्याच्या पाठीमागें, घाटांत, रस्त्यांत, रुळांत आणि वखारींत पसरलेलें असतें. उत्तम खोल पाणी आणि पाठीमागें वाट नाहीं, अशा जागीं फार तर वादळांत सांपडलेलें गलबत आश्रयाला येईल. उलट वाट चांगली असेल तर पाणी खोदूनहि खोल करतां येतें.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पक्की ठाऊक होती. याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला नालासोपारा आहे. आज तें मुंबईच्या नोकरदारांचें गर्दीचें उपनगर झालें असलें, तरी प्राचीन शूर्पारक बंदर तें हेंच. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तेथें सांपडले. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरून काढला. त्या बंदराचें वैभव आलें कोठून? तें आलें सह्याद्रीच्या माथ्यावरून. पैठण आणि जुन्नर येथला माल नाणेघाटांतून खालीं उतरे आणि कल्याण-सोपाऱ्याच्या खाडींत गलबतांवर चढे. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांचे लेख आहेत, आणि घाटाच्या तोंडाशीं दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. परंपरा खरी असो वा नसो, राजानें आपली मुद्रा बंदरावर न उमटवितां घाटांत उमटविली, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

पण त्याच काळांतील दुसरी एक हकीगत आजच्या विषयाला अधिक जवळची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्द्यानें या समुद्राची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तो सांगतो कीं, पैठण हें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. या गांवांहून अकीकाचे दगड आणि तलम-जाडेंभरडें कापड, धड रस्तेहि नसलेल्या अफाट मुलखांतून, गाड्यांवर लादून भडोचला नेत. आतां पैठणहून कल्याण किती तरी जवळ! मग हा वीस दिवसांचा वळसा कशासाठीं? त्याचें कारणहि तो ग्रंथकार देतो. कल्याणचें बंदर पूर्वीं खुलें होतें. पुढें सत्ता बदलली, त्याची नाकेबंदी झाली, आणि चुकून कोणी ग्रीक जहाज तेथें लागलेंच तर त्याला पहाऱ्यांत भडोचला नेऊं लागले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींहि माल जवळच्या वाटेनें न जातां ज्याच्या हातीं सत्ता त्यानें दाखविलेल्या वाटेनें जात होता. बोईसरच्या पुलावर मला पुष्कळदां पैठणचे ते गाडीवान आठवतात.

मधल्या शतकांचा इतिहास मी झपाट्यानें ओलांडतों. खाड्या गाळानें भरत गेल्या. पोर्तुगीजांनीं वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा गढ्यांनीं बांधून काढला. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूर घेतलें आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वसई पडली. या सर्व धामधुमींत अर्नाळा, दांतिवरें, केळवें, सातपाटी, तारापूर, डहाणू हीं लहान बंदरें आपल्या परीनें नांदत होतीं. भात, लांकूड, गवत, मीठ पडावांत भरून मुंबईला जाई आणि मुंबईचा माल त्याच पडावांतून परत येई. प्रत्येक खाडीच्या पाठीमागें दहा-वीस कोसांचा मुलूख होता आणि तेवढ्या मुलखाला तेवढें बंदर पुरेसें होतें.

ही घडी मोडली ती आगगाडीनें. १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें ही गाडी सुरू झाली, हें आपण शाळेंतच शिकतों. पण व्यापाराच्या दृष्टीनें खऱ्या महत्त्वाचीं वर्षें त्यानंतरचीं आहेत. १८६३ सालीं बोरघाटांतून आणि १८६५ सालीं थळघाटांतून रूळ देशावर पोंचले. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. बोरघाटाच्या कामावर एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीनें व अपघातांनीं त्यांतले किती मेले याची गणती कोणी नीट ठेवली नाहीं. तोंपर्यंत वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर यावयाचा. वाटेंत पाऊस लागे, धूळ बसे, आणि मुंबईला पोंचेपर्यंत त्याचा रंगहि उतरे आणि भावहि. नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठीं वखवखल्या होत्या. रूळ १८६७ मध्यें नागपूरला भिडले. पाहतां पाहतां समुद्रापासून आठशें किलोमीटर दूर असलेलें गांव मुंबई बंदराचें शेजारी झालें.

इकडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया या लांबलचक नांवाच्या कंपनीनें १८६४ पर्यंत सुरतेकडून मुंबईपर्यंत रूळ आणले. येथें घाट नव्हता. वैतरणेसारख्या खाड्यांवर पूल बांधले कीं झालें. पालघर, बोईसर, डहाणू रोड हीं स्थानकें त्याच मार्गावरचीं. ‘डहाणू रोड’ या नांवांतला ‘रोड’ हा शब्द पाहा. जुनें डहाणू समुद्राकाठीं; स्थानक त्यापासून आंत, जणूं गांवाला सांगत कीं यापुढें तुझा दरवाजा या बाजूला आहे. किनाऱ्याला समांतर धांवणाऱ्या या रुळांनीं किनाऱ्याचा माल उचलला आणि लहान बंदरांचा मागचा मुलूख अलगद काढून घेतला. तारापूरच्या खाडींत पाणी पूर्वींसारखेंच येत होतें. गेला होता तो मुलूख. आगगाडीनें नागपूरला बंदर दिलें आणि तारापूरचें बंदर काढून घेतलें. हे दोन्ही व्यवहार एकाच हिशेबाचे आहेत, आणि आपण बहुधा त्यांतला पहिलाच वाचतों.

या हिशेबांत आणखी एक खातें आहे. पालघर-डहाणूच्या जंगलपट्टींतून मुंबईला गवत जाई. हें गवत कापणारे हात वारल्यांचे होते. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते यांच्या मार्गदर्शनाखालीं वारल्यांनीं पांचशें पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली आणि विळे खालीं ठेवले. त्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसें मेलीं. तरीहि संप टिकला. माल ज्या वाटेनें जातो त्या वाटेच्या आरंभाला कोण उभा आहे आणि त्याच्या हातांत काय पडतें, हा प्रश्न या जिल्ह्यानें तेव्हां विचारला होता. तो अजून जुना झालेला नाहीं.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला एक जहाज निघालें. त्यावर ५८ मोठ्या अॅल्युमिनियमच्या पेट्या होत्या. माल्कम मॅकलीन नांवाच्या एका ट्रकवाल्याची ही कल्पना. गोण्या, गांठी, पिंपें एकेक करून उतरविण्यापेक्षां सगळा माल एकाच पेटींत कोंडावा आणि पेटीच ट्रकवरून आगगाडीवर, आगगाडीवरून जहाजावर ठेवावी! कल्पना इतकी साधी कीं, ती आधीं इतर कोणाला सुचून इतक्या पसरट प्रमाणावर कां वापरली गेली नाहीं, याचेंच नवल वाटतें. या पेटीनें जुन्या गोद्या ओस पाडल्या. मुंबईंतहि तेंच झालें. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक हीं गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांतलीं बांधकामें पेट्यांच्या राशी रचायला अपुरीं पडलीं, आणि १९८९ सालीं खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. २०२४-२५ या वर्षांत तेथें वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानें सुमारें ७३ लाख पेट्यांची ने-आण झाली.

या पेटीमुळें आणखी एक चमत्कार घडला. बंदराचें निम्में काम समुद्रापासून सुटून देशाच्या पोटांत शिरलें. पूर्वीं नागपूरच्या व्यापाऱ्याला मुंबईंत आडत्या ठेवावा लागे. माल वखारींत पडे. कस्टमचा अधिकारी तेथें येऊन गोण्या तपाशी. आतां नागपूरजवळच्या डेपोंतच कस्टमचा अधिकारी बसतो, कागद तेथेंच तपासले जातात, पेटीला तेथेंच मोहोरबंद कुलूप लागतें, आणि ती आगगाडीच्या सपाट वाघिणीवर चढते. बंदरांत तिला कोणी उघडीत नाहीं. ती फक्त रुळांवरून जहाजावर उचलली जाते. अशा डेपोला लोक ‘ड्राय पोर्ट’ म्हणतात. कोरडें बंदर म्हणा. देशांतला असा पहिला डेपो १९८१ सालीं बंगळूरला झाला. आपल्याकडे नागपूर, चिंचवड, वाळूज येथें ते आहेत, आणि जालना व वर्धा येथें उभारण्याचें काम न्हावा-शेवाच्या बंदरानेंच अंगावर घेतलें. ज्या जालन्यांत पाणी टँकरनें येतें, तेथें बंदर येतें, यावर विनोद करण्याचा मोह मला आवरत नाहीं. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत कांहींच विनोदी नाहीं.

मात्र पेटीच्या हिशेबांत एक मेख आहे. पेटी जहाजकंपनीची असते आणि ती रिकामी परत न्यावी लागली तर तिचेंहि भाडें कोणीतरी भरावेंच लागतें. ज्या गांवीं पेट्या भरून येतात आणि भरूनच जातात, तेथें भाडें हलकें. जेथें फक्त पाठवायचेंच आहे, तेथें रिकामी पेटी दुरून मागवावी लागते. म्हणून नुसते रूळ टाकून आणि डेपो बांधून आंतलें शहर बंदराशीं जोडलें जात नाहीं. दोन्ही दिशांनीं वाहणारा माल पाहिजे, ठराविक दिवशीं ठराविक वेळीं सुटणारी गाडी पाहिजे. कारखानदाराला विचारा: भाडें शंभर रुपयांनीं वाढलें तर तो कुरकुरेल, पण पेटी जहाज सुटल्यावर पोंचली तर त्याचा ग्राहकच जाईल. मालगाडी प्रवासी गाडीला वाट देत बाजूच्या रुळावर तासन् तास उभी राहणें, हाच आपल्या देशांतला मोठा रोग होता. पालघरच्या रोजच्या प्रवाशांना विचारा. ते म्हणतील मालगाडीमुळें आमची लोकल रखडते. मालगाडीचा गार्ड नेमकें उलट सांगेल.

या रोगावर उपाय म्हणून दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा-शेवापर्यंत सुमारें दीड हजार किलोमीटरांचा केवळ मालगाड्यांसाठीं वेगळा दुहेरी मार्ग आंखला गेला. विजेच्या तारा इतक्या उंच बांधल्या आहेत कीं, एका पेटीवर दुसरी पेटी रचून गाडी खालून जाऊं शकते. जानेवारी २०२१ मध्यें हरियाणा-राजस्थानांतील एका भागावरून अशी दुमजली, दीड किलोमीटर लांबीची विजेवर चालणारी गाडी पहिल्यानें धांवली. हा मार्ग पालघर जिल्ह्यांतून, जुन्या रुळांच्या जवळून गेला आहे. गंमत अशी कीं, साऱ्या मार्गांत सर्वांत मागें राहिला तो वैतरणा ते न्हावा-शेवा हा शेवटचा सुमारें शंभर किलोमीटरांचा तुकडा. डोंगर, खाड्या, वस्ती आणि जमिनीचे भाव या सर्वांनीं मिळून तो अडविला. दिल्लीहून वैतरणेपर्यंत येणें सोपें ठरलें, वैतरणेहून समुद्र गांठणें कठीण.

आणि येथेंच वाढवणचा प्रश्न उभा राहतो. तारापूरच्या उत्तरेस डहाणू तालुक्यांत वाढवण नांवाचें गांव आहे. तेथें किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्र अठरा-वीस मीटर खोल आहे. जगांतलीं सर्वांत मोठीं कंटेनर जहाजें अशा पाण्यांत येऊं शकतात. आपला पुष्कळसा माल आजवर कोलंबो, सिंगापूर किंवा दुबईच्या जेबेल अलीला लहान जहाजानें जाऊन तेथें मोठ्या जहाजावर चढत आला आहे, कारण तीं मोठीं जहाजें आपल्या बहुतेक बंदरांत शिरूंच शकत नव्हतीं. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सुमारें ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पालघर येथें पायाभरणी झाली. नऊ कंटेनर धक्के, प्रत्येक हजार मीटर लांब. दहा किलोमीटरांहून लांब लाटारोधक बांध. आणि समुद्रांत भराव घालून केलेली १,४४८ हेक्टर जमीन. मालगाडीचा नवा मार्ग तेथून हांकेच्या अंतरावर. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाला तव्याजवळ मिळणारा सुमारें बत्तीस किलोमीटरांचा रस्ता. आणि तव्यापासून नाशिक जिल्ह्यांत समृद्धि महामार्गाला भिडणारा सुमारें १०५ किलोमीटरांचा रस्ता, ज्याला राज्य सरकारनें २०२५ मध्यें संमति दिली. म्हणजे उद्यां नागपूरची पेटी ठाण्या-मुंबईची सावलीहि न पाहतां समुद्राला भेटेल. घाटांतून उतरून उत्तर कोंकणच्या किनाऱ्याला लागणें ही वाट नाणेघाटाच्याच कुळांतली आहे.

व्यापाराच्या बाजूनें पाहिलें तर या योजनेंत मला खोट दिसत नाहीं, हें मी प्रांजळपणें सांगतों. परंतु वाढवणचें पाणी रिकामें नाहीं. त्या खडकाळ पट्ट्याला मच्छिमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. घोळ, पापलेट, शेवंड यांचे तें माहेर आहे, आणि सातपाटीपासून डहाणूपर्यंतचीं कोळीवाड्यांचीं घरें त्यावर चालतात. डहाणू तालुका १९९१ सालींच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणानें १९९८ मध्यें याच जागेच्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणानें, न्यायमूर्तींच्या निधनानंतर, जुलै २०२३ मध्यें परवानगी दिली. त्याविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ मध्यें फेंटाळले. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा मात्र किनाऱ्यावरच्या भिंतींवर लिहिलेली आहे.

सरकारी बाजू म्हणते कीं बंदर समुद्रांत होणार, गांव उठणार नाहीं. हें शब्दशः खरें असेल. पण ज्याचें शेत पाण्यांत आहे, त्याला घर शाबूत राहिल्याचें समाधान कितपत वाटावें? शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नांव असतें, म्हणून जमीन घेतांना त्याला विचारावें लागतें. कोळ्याच्या पाण्याला सातबारा नाहीं. शिवाय या लोकांना पूर्वानुभव आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ सालीं सुरू झाले; देशांतील तें पहिलें केंद्र. पुढें तिसऱ्या-चौथ्या संचासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठविलीं गेलीं. पुनर्वसनांतील घरें, नोकऱ्या आणि मासेमारीची जागा यांबद्दलचीं त्यांचीं गाऱ्हाणीं वर्षानुवर्षें न्यायालयांत आणि कचेऱ्यांत फिरत राहिलीं. शेजारच्या गांवाचें असें झालेलें पाहणारा माणूस नव्या आश्वासनाकडे संशयानें पाहतो, यांत त्याला अडाणी ठरविण्यासारखें कांहीं नाहीं.

मला असें वाटतें कीं, या बंदराचा जमाखर्च मांडतांना मच्छिमाराच्या नुकसानाला ‘भरपाई’ या शेवटच्या रकान्यांत ढकलूं नये. भाड्यांत, डिझेलांत आणि वेळांत जी बचत होणार आहे, ती नागपूरच्या, इंदूरच्या, दिल्लीच्या आणि बोईसरच्या कारखानदाराची आहे. तिचा एक ठरलेला हिस्सा, प्रत्येक पेटीमागें, दरवर्षीं, या किनाऱ्यावर कां उतरूं नये? एकदांच हातावर टेकविलेली रक्कम लग्नांत आणि मोटारसायकलींत संपते, हें सर्वांस ठाऊक आहे. धक्क्यावर पेट्या मोजण्याची व्यवस्था असतेच. त्याच मोजणींत आणखी एक रकाना वाढवायचा आहे. आणि बंदरांतल्या क्रेनवर, कस्टमच्या कामांत, गोदामांच्या व्यवस्थापनांत वारली आणि कोळी मुलें बसावयाचीं असतील, तर त्यांना शिकविण्याच्या शाळा पहिलें जहाज लागल्यावर काढून उपयोग नाहीं. त्या आज पाहिजेत.

पुलावरून खालीं उतरतांना परवां एक ट्रेलरवाला भेटला. त्याला विचारलें, वाढवणला बंदर झाल्यावर तुझें बरें होईल ना? तो हंसला. म्हणाला, “साहेब, आतां खेपेला दोन दिवस मोडतात, तेव्हां अर्धा दिवसहि लागायचा नाहीं. पण मालक मला पैसे खेपेचे देतो कीं दिवसाचे, तें आधीं विचारा.” मागें गाड्यांची रांग लागली होती. त्यानें भोंगा वाजविला आणि तो चिल्हारच्या दिशेला निघून गेला.